सांध्यांना मेण

अजीज परकार गेला तेव्हा
काठी माझ्या खाटेखाली सरकवून गेला.
चार तुकडे, एक कापडी पिशवी,
आणि मेणबत्तीचं थोटूक.
मुहर्रकमध्ये वीज जात नाही.
मेण सांध्यांसाठी.

बॅगेत मावत होती की.
चार तुकडे करतात ते त्याचसाठी.
"आमच्या खाडीला ही उंच पडते," म्हणाला,
आणि एकोणीस वर्षांचं सामान
तेवीस किलोत बसवायला लागला.

गोड्या पाण्यानं धुवायची.
मासा मिळो न मिळो, धुवायची.
इथला दर्या आपल्यापेक्षा खारट,
तिकडचा एखाद्या दिवशी विसरून जातो,
हा विसरत नाही.
कड्यांना जुना टूथब्रश.
मग कापसाचा बोळा एकेका कडीतून फिरवायचा.
जिथं कापसाची तार अडकेल तिथं तडा,
डोळ्याला दिसत नसला तरी.
दोरा तिथंच तुटतो, आणि तुटतो तोही
मोठा मासा लागल्यावर.

उघडताना पिळायची नाही. सरळ ओढायची.
पिशवीत ओली घालायची नाही.
मी लिफ्टचा मेकॅनिक, मी म्हणायचो,
ग्रीस लावूया, परकार.
"ग्रीस धूळ धरतं. मेण घे.
आणि थोडंच. पोळीला तूप लावतोस का तू?"

हे सगळं मला पाठ होतं.

ऑगस्टची रात्र, धक्क्यावर वारा मेलेला,
कणकेच्या गोळीला तीन सफी लागल्या होत्या
आणि फोन आला: जुफैरमध्ये लिफ्ट अडकलीय,
सातव्या-आठव्याच्या मध्ये, आत माणसं.
काठी तशीच व्हॅनमध्ये टाकली.
माणसं पाऊण तासात बाहेर काढली.
काठी तीन दिवस आत राहिली,
मिठासकट, त्या उन्हात.

दुसरा आणि तिसरा तुकडा एकमेकांना सोडेनात.

बर्फ लावला.
बाहेरच्या तुकड्यावर गरम फडकं गुंडाळलं.
गुडघ्यांच्या मागं काठी धरून
गुडघे फाकवत ढकललं, तसं बघितलं होतं कुणाचं तरी.
खोलीतले हसले. मीही हसलो.
पिळावीशी वाटली, खरं सांगतो.

परकारला व्हॉइस नोट पाठवली.
दुपारी उत्तर आलं, मागं कोंबडा, कुणीतरी नारळ सोलतंय.
शिव्या नव्हत्या. नुसतं,
"एकट्यानं होणार नाही ते. चार हात लागतात.
तुझा एक सांध्याच्या अलीकडं, एक पलीकडं.
समोरच्याचेही तसेच.
मग दोघांनी सरळ.
मी काय रोज उगाच म्हणायचो,
जरा हात दे रे?"

मला वाटायचं
त्याच्या मनगटात जोर राहिला नाही.
मी चहा खाली ठेवायचो, कुरकुरत,
हात द्यायचो, आणि मोबाइलकडं बघायचो.

धक्क्यावर जाळी शिवणारा मोतालेब.
त्याला हिंदी थोडी, मला बांगला मुळीच नाही.
हात कुठं ठेवायचे ते दाखवलं.
त्यानं बोटं सुरवंटासारखी सरकवली,
माझ्या बोटांना लागून,
बोटांना डांबराचा वास.
एक, दुई—
तीन म्हणायच्या आधीच
बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला.
त्यानं सांध्यात वाकून पाहिलं,
करंगळीवर पांढरं मीठ काढलं
आणि जिभेला लावलं.

रात्री बादलीत धुतली.
टॉवेलवर मांडली चार तुकडे शेजारी शेजारी,
पंखा पूर्ण सोडला,
वरच्या खाटेवरचा कुरकुरला.
थोटूक आता नखाएवढं उरलंय,
धरता येत नाही, घासता येत नाही.

कोल्ड स्टोअरवाल्यानं विचारलं,
वाढदिवस? रंगीत देऊ? पाकीट?
एकच दे म्हटलं, पांढरी.
काडीपेटी नको.